चामडे शिवण्यासाठी घेतलेले जुने जुकी मशीन : सांगलीतील खरेदी आणि आठ महिन्यांचा वापर

मिरजेत आमचे चामड्याच्या कामाचे छोटे दुकान आहे. कमरेचे पट्टे, खांद्याला अडकवायच्या बॅगा, सतारमेकर गल्लीतील कारागिरांसाठी वाद्यांच्या कव्हरांचे पट्टे आणि आषाढात बेंदूर तोंडावर आला की बैलांच्या घुंगुरमाळांचे पट्टे, असे वर्षभराचे काम असते. वडिलांच्या काळापासून ही सगळी शिलाई आरी आणि दोन सुया घेऊन हातावरच होत आली. बॅगेचा एक पट्टा ११० सेंटिमीटर लांब असला आणि दोन्ही कडांना ४ मिलिमीटरचा टाका धरला, तर एका पट्ट्याला ५५० टाके पडतात, आणि हात बसलेल्या माणसालाही त्यासाठी अडीच-तीन तास द्यावे लागतात. गेल्या वर्षी ४० बॅगांची एक मागणी मला केवळ वेळेअभावी परत पाठवावी लागली, आणि त्याच आठवड्यात मशीन घेण्याचे घरात ठरले. नव्या मशीनची किंमत आवाक्यात नसल्यामुळे जुन्याचा शोध सुरू केला. पुढील परीक्षण त्या मशीनचे आहे आणि ज्या दुकानातून ते घेतले त्या दुकानाचेही आहे. दुकानाचे नाव मी जाणूनबुजून देत नाही, कारण त्याच्याविषयी चांगले सांगण्यासारखे पुष्कळ असले तरी तक्रारही आहे, आणि ती मी समक्ष सांगून झालेली आहे.

कोणते मशीन हवे, हे ठरवायला मला दोन महिने लागले. कापड शिवण्याच्या साध्या मशीनमध्ये फक्त खालचे दात माल पुढे सरकवतात आणि वरचा फूट नुसता दाबून धरतो. कापडाला हे चालते. चामड्याचा वरचा थर मात्र फुटाला चिकटून मागे राहतो, खालचा पुढे जातो आणि पट्ट्याच्या शेवटी दोन्ही थरांत बोटभर फरक पडतो. म्हणून चामड्याला कंपाउंड फीडचे मशीन लागते, ज्यात खालचे दात, सुई आणि सुईशेजारचा आतला फूट हे तिघे एकाच वेळी पुढे चालतात, आणि बाहेरचा फूट तेवढ्यापुरता उचलला जाऊन पुन्हा माल धरतो. त्यातही मला सपाट बेडचे नको होते. बॅगेची बाजूची पट्टी आणि तळ जोडताना बॅग ज्यावर चढवून फिरवता येईल असा गोल हात, म्हणजे सिलेंडर बेड, हवा होता. या दोन्ही गोष्टी असलेले आणि ज्याचे सुटे भाग सहज मिळतात असे मशीन म्हणजे जपानच्या जुकी कंपनीचे एलएस १३४१. त्याच्या धर्तीवर चीनमध्ये बनलेली मशीनेही बाजारात भरपूर आहेत आणि बहुतेक व्यापारी या साऱ्यांना सरसकट ‘तेराशे एक्केचाळीस’ म्हणतात. म्हणून मशीनच्या डोक्यावरची, म्हणजे टेबलावरच्या मुख्य भागावरची, कंपनीची पट्टी आणि क्रमांक स्वतः वाचून घेणे आवश्यक आहे. व्यापाऱ्याच्या तोंडी ‘१३४१’ या आकड्याचा अर्थ कंपनी असा नसून आकार असा असतो.

आमच्या चुलत्यांचा आग्रह सिंगरच्या पॅचरचा होता. “अरे, ते लोखंड आहे लोखंड, तुझ्या नातवाला पुरेल,” असे ते म्हणाले. चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्यांकडे जे लांब निमुळत्या हाताचे काळे मशीन दिसते ते बहुधा सिंगर २९के असते किंवा त्याची नक्कल असते. त्यातील ‘के’ हे अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्याचे. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, त्यामुळे अस्सल २९के आज मिळाले तरी ते किमान साडेचार दशके जुने असणार. या मशीनला खाली दात नसतात. वरचा फूटच माल ओढतो आणि तो चहूबाजूंना फिरवता येतो, म्हणून बुटाच्या आत शिरून ठिगळ लावायला त्याच्यासारखे दुसरे यंत्र नाही. परंतु त्याची बॉबिन लहान असते, टाका ओढणाऱ्या सांध्यांची झीज झाली की टाक्याची लांबी आपोआप आखडत जाते, आणि जाड दोऱ्याने लांब पट्टा शिवताना टाके एकसारखे येत नाहीत. मी एक पॅचर चालवून पाहिला, तेव्हा सर्वांत मोठ्या टाक्यावर ठेवूनही तो ३ मिलिमीटरच्या पुढे गेला नाही. दुरुस्तीचे दुकान असते तर मी चुलत्यांचे ऐकले असते.

आता सांगलीची गोष्ट. येथे जुने यंत्र घेताना किंमत विचारण्याआधी ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुठे होते, हे विचारावे. त्या महिन्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. नदीकडच्या पेठांतील दुकानांत, तळघरांत आणि गोदामांत जे होते ते अनेक दिवस पाण्याखाली राहिले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. अशा पाण्यातून निघालेली शिलाई मशीने, पंप, पिठाच्या गिरण्या आणि मोटारी पुढे कुठे ना कुठे विकल्या गेल्याच असणार.

मी पाहिलेले पहिले मशीन बाजारपेठेतील एका दुकानात होते. ते इतके स्वच्छ होते की त्यामुळेच मला शंका आली. राखाडी रंग नुकताच मारलेला होता आणि तो स्क्रूंच्या खाचांतही भरलेला होता. मशीन खरोखर खोलून दुरुस्त केले असते, तर रंग देण्यापूर्वी ते स्क्रू निघाले असते आणि नंतर बसवताना त्यांच्या खाचांतला रंग सोलला गेला असता. टेबलाच्या फळीची मागची कड फुगलेली होती आणि स्टँडच्या पायांवर आतल्या बाजूने एक सरळ तांबूस रेघ होती, जणू कोणी पट्टी लावून आखावी. मी खिशातली जुनी सुई काढून तेल जाण्याच्या एका भोकातील फेल्टची वात किंचित उपसून पाहिली. वापरातल्या मशीनची वात तेलाने पिवळसर आणि ओलसर असते. ही काळपट निघाली आणि बोटांत चुरडताच तिची बारीक माती झाली. व्यापारी म्हणाला, “पुराचं नाही हो, धूळ आहे ती. मशीन चालू आहे ना?” मशीन चालू होते, यात खोटे काही नव्हते. मात्र गाळ तेलात मिसळला की तो बुशांमध्ये, म्हणजे दांडे ज्यांत फिरतात त्या कड्यांमध्ये, घासणीच्या मलमासारखे काम करतो आणि वर्षभरात सगळे सांधे सैल करून ठेवतो. पुरात बुडालेले मशीन वाईटच असते असे मी म्हणणार नाही. पाणी उतरताच कोणी ते पूर्ण खोलून, रॉकेलने धुऊन, कोरडे करून तेलात ठेवले असेल, तर ते चांगले चालू शकते, आणि तसे सांगून कमी भावात विकणाऱ्याकडून मी कदाचित घेतलेही असते. रंगाखाली लपवलेला पूर मात्र मला नको होता.

दुसरे दुकान कुपवाडकडे, उंचावरच्या भागात सापडले. दुकान म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड; तीत कापडाची, गोणपाटाची, बुटांची अशी पन्नासेक मशीने दाटीने मांडलेली आणि एका कोपऱ्यात मिस्त्रींचे टेबल. रंग कशालाही दिलेला नव्हता. मालकांनी जे मशीन दाखवले ते अस्सल जुकीचे होते आणि पूर्वी एका मोटारींच्या सीट कव्हरच्या कारखान्यात चालत होते. डोक्याच्या उजव्या बाजूला हात टेकून टेकून रंग गेलेला होता, सुईपट्टीवर ओरखडे होते, बेडच्या टोकाला दोऱ्याच्या घर्षणाने बारीक चरे पडले होते. ही झीज दिसत होती, आणि दिसणाऱ्या झिजेचा हिशेब करता येतो.

मी मिस्त्रींना विनंती केली की मोटारीचा पट्टा काढून टाका, मला मशीन आधी हाताने फिरवायचे आहे. मालकांना हे फारसे रुचले नाही. त्यांनी बसल्या जागेवरून “चालवून बघा की सरळ” असे सुचवले, पण मिस्त्रींनी मुकाट्याने पट्टा उतरवला. मोटार चालू असताना तिच्या जोरापुढे लहान अडथळे कळत नाहीत. हाताने चाक आपल्याकडे सावकाश फिरवले की कुठे जड लागते, कुठे टकटक होते, हे तळहाताला कळते. पूर्ण फेरीत एकाच जागी किंचित जडपणा होता, आणि तो आतला फूट वर उचलला जाण्याच्या क्षणी येत असल्यामुळे स्वाभाविक होता. मग सुईची दांडी चिमटीत धरून पुढेमागे आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिली. मागेपुढे ती सुईसकट झुलणारच, कारण या मशीनमध्ये सुईही मालाबरोबर चालते; आडव्या दिशेने मात्र ती हलता कामा नये. हलली नाही. चाकाला आत-बाहेर ढकलून पाहिले, तेव्हा नखाच्या जाडीएवढाही ढिलेपणा जाणवला नाही.

त्यानंतरची चाचणी मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटते, आणि तिला लग्नपत्रिकेचे एक जाड पाकीट पुरते. दोरा न ओवता, टाक्याची लांबी ५ वर ठेवून, पाकिटावर नुसती छिद्रे पाडत गेलो. अकरा छिद्रांमध्ये दहा टाक्यांचे अंतर येते, ते ५० मिलिमीटर भरायला हवे होते. पट्टी लावली तर ४७ भरले. नंतर उलट टाक्याचा दांडा दाबून त्याच रेषेवर मागे आलो. चांगल्या मशीनमध्ये परतीची सुई आधीच्या छिद्रांतच पडते. येथे ती प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर अलीकडे पडत होती. मिस्त्रींनी पाकीट उजेडासमोर धरले, मान हलवली आणि म्हणाले, “पुढचा वाढवून देतो, परतीचा पूर्ण जुळणार नाही. खरं तेच सांगतो.” पट्ट्याच्या शेवटी मला दोनच टाके मागे यायचे असतात आणि ते अर्धा मिलिमीटर सरकल्याने माल नापास होत नाही, त्यामुळे हा दोष मी पत्करला. परंतु दुकानात बसून एखादा मिस्त्री स्वतःच्या मालाचा दोष स्वतःच्या मालकासमोर सांगतो, याची नोंद मी मनात करून ठेवली.

हुक पाहण्यासाठी बॉबिनवरची सरकती पट्टी काढली आणि मोबाइलच्या उजेडात त्याचे टोक पाहिले. सुई सर्वांत खाली जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या पाठीमागे दोऱ्याचा छोटा फासा सुटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी हुकचे टोक सुईच्या खाचेजवळून जाऊन तो फासा उचलते. टोक बोथट झाले असेल, त्याला खरखर आली असेल किंवा सुई वाकून त्याच्यावर आदळलेली असेल, तर टाके सुटतात किंवा दोरा पिंजतो. मी टोकावरून नायलॉनचा धागा ओढून पाहिला. तो कुठेही अडकला नाही. शेवटी घरून आणलेल्या चामड्याच्या पट्ट्या काढल्या. बाभळीच्या सालीत कमावलेल्या अडीच मिलिमीटरच्या चामड्याची मी एक पायरी करून नेली होती : काही अंतर एक थर, मग दोन, मग तीन आणि पुन्हा एक. मशीन एकाच जाडीवर सुरेख चालते, यात विशेष काही नसते. बॅगेत मात्र सुई सतत पायरी चढत-उतरत असते. एका थरावरून तिसऱ्यावर चढताना पहिल्या खेपेला दोन टाके सुटले. मिस्त्रींनी आतल्या आणि बाहेरच्या फुटांची उचल वाढवली, त्यानंतर सुटले नाहीत. मी पट्टी उलटी करून खालचे टाके पाहिले, कारण वरची बाजू बहुतेक मशीने नीट शिवतात. खालचेही ठीक होते.

या सगळ्या तपासणीत एक चूक मी केली आणि ती पुढे मला महागात पडली. मी नेलेल्या पट्ट्या काळ्या रंगाच्या, मेण दिलेल्या चामड्याच्या होत्या. ती चूक कोणती हे पुढे येईलच.

सौदा करताना टेबलाखाली वाकून मोटार पाहिली तर तिच्या पट्टीवर ४१५ व्होल्ट, म्हणजे थ्री-फेज, असे छापलेले होते. कारखान्यातून निघालेल्या मशीनला कारखान्याचीच मोटार असते. शेडमध्ये थ्री-फेज जोडणी असल्यामुळे ती तेथे व्यवस्थित चालत होती; माझ्या दुकानात सिंगल-फेजवर ती उपयोगाची नव्हती, आणि मालकांनी आपण होऊन ते सांगितले नव्हते. जुने मशीन घेणाऱ्यांनी ही एक पट्टी अवश्य वाचावी. तसेही मला अशी क्लचची मोटार, जी सतत पूर्ण वेगाने फिरत राहते आणि पायडल दाबल्यावर क्लचमार्फत मशीनला गती देते, नकोच होती. मिनिटाला १४४० फेरे घेणारी मोटार, तिची ५० मिलिमीटरची पुली आणि मशीनची १०० मिलिमीटरची पुली असा हिशेब धरला, तर पायडल पूर्ण दाबल्यावर मिनिटाला ७२० टाके पडतात, म्हणजे सेकंदाला १२. सीट कव्हरवाल्याला ते कमीच वाटेल. चामड्याच्या कोपऱ्यावर वळताना मात्र सेकंदाला दोन टाके पडले तरी घाम फुटतो, आणि क्लच घासत घासत तेवढ्या मंद गतीने चालवायला अनेक महिन्यांचा सराव लागतो. मी ती मोटार परत ठेवायला सांगून तिच्या जागी ७५० वॅटची सिंगल-फेज सर्वो मोटार, म्हणजे जिची स्वतःचीच गती पायडलाने कमी-जास्त होते ती, मागितली. मशीन, टेबल, स्टँड आणि सर्वो मोटार मिळून ६८,००० रुपयांपासून सुरुवात होऊन ५९,५०० रुपयांवर सौदा ठरला. बिलावर आधी नुसते ‘जुने शिलाई मशीन, १ नग’ असे लिहिलेले होते. कंपनीचे नाव, मॉडेल आणि डोक्यावरचा क्रमांक घालून बिल नव्याने करून घेतले. मालकांनी ते केले, जरा कुरकुरत केले.

त्याच शेडमध्ये चामड्याच्या कडा पातळ करणारे स्कायविंगचे एक जुने मशीनही विकायला होते आणि मी त्याच्या मोहात पडलो होतो. रापीने कडा छिलण्यात माझा निम्मा दिवस जातो. पण त्या मशीनचे घंटेच्या आकाराचे पाते धार लावून लावून इतके आखूड झाले होते की पाते पुढे सरकवण्याचा स्क्रू शेवटाला टेकलेला होता. नवे पाते, नवा दगड आणि खालचा झिजलेला रोलर यांचा खर्च मशीनच्या किमतीजवळ गेला असता, म्हणून तो विचार सोडला.

आता तक्रार. मशीन टेंपोने मिरजेला आले, तेव्हा दोऱ्याचा स्टँड आणि बॉबिन भरण्याचे चाक त्यासोबत नव्हते. मिस्त्री दोन दिवसांत येऊन बसवून देतील असे बिल करताना सांगितले होते. ते पाच फोन झाल्यावर दहाव्या दिवशी आले. या दहा दिवसांत माझ्या हातात एक घेतलेली मागणी होती आणि दुकानाच्या मधोमध एक न चालणारे मशीन. मालकांचे उत्तर दर वेळी “उद्या पाठवतो” हेच होते. मिस्त्री आल्यावर मात्र त्यांनी सकाळी दहा ते दुपारी चार असे बसून काम केले, राहिलेले भाग सोबत आणले आणि टाक्याची लांबी ५ वर ५ अशी अचूक जुळवून दिली. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्या मुलाला हुक जुळवण्याचे तत्त्व समजावून सांगितले, त्याचे पैसे कोणत्याही बिलात येत नाहीत.

पहिल्याच दिवशी मी नैसर्गिक रंगाच्या चामड्याचा पट्टा शिवायला घेतला आणि माझी चूक माझ्यासमोर आली. टाक्यांच्या दोन्ही बाजूंना, शिवणीच्या पूर्ण लांबीभर, बारीक दातांचे ठसे उमटले होते. खालच्या बाजूला तर ते उंदराने कुरतडल्यासारखे खोल होते. सीट कव्हरच्या कामासाठी या मशीनला दातेरी फूट आणि दातेरी फीड, म्हणजे माल सरकवणारा खालचा भाग, बसवलेले होते. रेक्झिनवर आणि काळ्या मेणट चामड्यावर हे ठसे दिसत नाहीत. कोवळ्या, न रंगवलेल्या चामड्यावर ते कायमचे राहतात. ओल्या फडक्याने थोडे फुगून येतात, पण जात नाहीत. दाब कमी करून पाहिला, तर ठसे हलके झाले पण टाके सुटू लागले. शेवटी गुळगुळीत फुटांची जोडी आणि गुळगुळीत फीड मुंबईहून मागवावे लागले. दुकानदाराचा यात दोष नाही, कारण मी काय शिवणार हे त्याने विचारले होते आणि मी ‘चामडे’ एवढेच सांगितले होते. मशीन पाहायला जाताना आपल्याकडचे सर्वांत नाजूक आणि सर्वांत फिकट चामडे न्यावे.

सुयांचेही असेच झाले. मशीनसोबत १३५×१७ या जातीच्या सुया आल्या होत्या. त्यांचे टोक गोल असते आणि त्या कापड व रेक्झिनसाठी असतात. १३५×१६ ची लांबी आणि दांडी तीच, पण टोक पात्यासारखे, चामडे कापत जाणारे असते. मशीनमध्ये काहीही न बदलता या सुया बसतात. मी २० नंबरचा बाँडेड नायलॉन दोरा आणि १४० नंबरची सुई वापरतो. कडक पट्टा असेल तर १६० ची. सुई बदलल्यावर पायरी चढताना कधीमधी सुटणारा एखादा टाकाही थांबला आणि टाक्यांना जरासा तिरका, हातशिलाईची आठवण देणारा रोख आला.

सर्वो मोटारीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण तिच्याकडून माझी अपेक्षा जास्त होती. तिचा आवाज जवळपास नाही, पायडल दाबल्याशिवाय ती नाममात्रच वीज ओढते आणि तिची कमाल गती आपण ठरवून बंद करून ठेवू शकतो. पण अगदी मंद गतीत तिचा जोर कमी पडतो. तीन थरांवर सुई टेकली की मोटार गुरगुरून थांबायची आणि मला चाकाला हात लावून तिला पार करावे लागायचे. मिरजेतल्या एका लेथवाल्याकडून एक मधला शाफ्ट आणि दोन पुल्या करून घेतल्या, ज्यामुळे गती एकतृतीयांश झाली आणि जोर त्याच प्रमाणात वाढला. आता मी मिनिटाला सुमारे २०० टाक्यांवर शिवतो, आणि हात न लावता साडेसात मिलिमीटर जाडी पार होते. हा खर्च मशीनच्या किमतीत धरूनच निर्णय घ्यावा, असे मी नव्याने घेणाऱ्यांना सुचवीन.

आठ महिन्यांत मी या मशीनवर दीडशेच्या आसपास बॅगा आणि त्याहून कितीतरी जास्त कमरेचे पट्टे शिवले आहेत. साडेपाचशे टाक्यांचा तो बॅगेचा पट्टा आता वळणे धरून पाच मिनिटांत निघतो. या काळात दोऱ्याच्या ताणाची एक स्प्रिंग तुटली आणि डझनभर सुया मोडल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या घाईने. रोज सकाळी तेलाच्या सगळ्या भोकांत दोन-दोन थेंब पांढरे मशीन ऑइल आणि हुकवर एक थेंब, एवढी त्याची मागणी आहे. तेल घातल्यावर पहिली काही इंच शिलाई मी कातरणीवर करतो, नाहीतर फिकट चामड्यावर डाग पडतो. वाद्यांच्या कव्हरांचे पट्टे, जे लांब आणि एकसारख्या जाडीचे असतात, त्यांवर हे मशीन सर्वांत खुलते. गोल हातामुळे बॅगेचा तळ जोडताना ती आतबाहेर उलटवत बसावी लागत नाही, आणि एवढ्या एका कारणासाठीही मी सपाट बेडपेक्षा याचीच शिफारस करीन.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मशीनचा टाका वरच्या आणि खालच्या दोऱ्याच्या गाठीवर उभा असतो, त्यामुळे एक दोरा घासून तुटला की शेजारचे टाके उसवू लागतात. दोन सुयांच्या हातशिलाईत तसे होत नाही, कारण दोन्ही दोरे प्रत्येक छिद्रातून आरपार गेलेले असतात. म्हणून जिथे पूर्ण वजन येते, त्या बॅगेच्या कडीजवळचे आठ-दहा टाके मी आजही हाताने घालतो आणि ग्राहकाला ते दाखवून देतो. कोल्हापुरी चप्पल करणाऱ्यांनी या मशीनच्या नादी लागू नये. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात कोल्हापूर आणि सोलापूरबरोबर आपले सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत. पण तिचा तळ चामड्याच्याच वादीने हाताने शिवायचा असतो, आणि ते काम नायलॉनच्या दोऱ्याने मशीनवर केले की चप्पल दुसरीच काहीतरी होते.

दुकानाविषयी माझे मत असे की मालाचा दर्जा आणि मिस्त्रींचा प्रामाणिकपणा यांसाठी मी तेथे पुन्हा जाईन, आणि बसवून देण्याची तारीख बिलावर लिहून घेतल्याशिवाय या वेळी पूर्ण पैसे देणार नाही. पुन्हा जावे लागणार आहेच. घुंगुरमाळेचा पट्टा तीन थरांचा असतो आणि शिवताना बारा मिलिमीटरपर्यंत जातो, ते या मशीनचे काम नाही. मी हट्टाने एकदा घालून पाहिले, तेव्हा फुटाखाली पट्टा शिरेपर्यंतच दमछाक झाली आणि तिसऱ्या टाक्याला १६० नंबरची सुई मोडली. त्याहून दांडग्या, ४४१ जातीच्या मशीनची मिस्त्रींकडे चौकशी करून ठेवली आहे. त्यांनी सांगितले की एक येण्यातले आहे, पण ते कोणत्या गावातून येणार हे अजून कळलेले नाही. तोवर बेंदराचे पट्टे वडील हाताने शिवत आहेत.